टोचलेली नोट

"नीट धर. हलली तर फाटेल," मी पुष्पीला दटावलं.

पुष्पीनं एक रुपयाची नोट उशीवर पसरून दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली होती. मी आईची सगळ्यांत बारीक सुई घेऊन, नोटेवर ते नाण्याचं चित्र असायचं ना, त्याच्या कडेकडेनं एकेक भोक पाडत होते. मागं मोरीत आई धुणं आपटत होती. आपटणं थांबलं की आम्ही थांबायचो.

"पोलीस पकडतील," पुष्पी म्हणाली.

"आपल्याच नोटेला टोचलं म्हणून?"

"नोट सरकारची असते. आमच्या बाईंनी सांगितलंय."

"मग कळू दे सरकारला, आत्या काय करते ते."

पुष्पीनं नोट आणखी घट्ट दाबली. ती दुसरीत होती, मी चौथीत. आमची सख्खी आत्या आमचे खाऊचे पैसे खाते असा आम्हा दोघींना दाट संशय होता. संशय माझा होता. पुष्पीनं तो माझ्याकडून घेतला आणि माझ्यापेक्षा जास्त जिवापाड जपला.

काम झाल्यावर मी नोट खिडकीपुढं धरली. नाण्याभोवती चांदण्यांचं कडं उमटलं. खिडकीतून बाजूला घेतली की पुन्हा साधी, मळकी नोट.

"आता ही नोट दुकानात कुठं दिसली की आत्या चोर," मी म्हटलं.

"आणि नाही दिसली तर?"

"तरी चोर. हुशार चोर."

आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी. अण्णा कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. हंगाम चालू झाला की धुराड्यातून काजळी उडायची ती वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसायची. मळीचा वास तर इतका अंगवळणी पडला होता, की मामाच्या गावाला गेलं की तिथल्या हवेत काहीतरी कमी आहे असं वाटायचं.

दर रविवारी अंघोळी झाल्या की अण्णा आम्हाला समोर उभं करायचे. मला रुपयाची नोट, पुष्पीला आठ आण्यांचं नाणं. पण हातावर ठेवण्याआधी भाषण. "पैसा खर्चायला अक्कल लागत नाही, ठेवायला लागते. दिवसभर जवळ बाळगा. शेंगदाण्याच्या गाडीपुढं उभ्या राहा. आणि मोह आवरा." म्हणजे परीक्षाच. संध्याकाळी आई देवापुढं दिवा लावायची आणि मग आम्ही आपापले पैसे आत्याच्या डब्यात टाकायचो. डबा चहाच्या पत्र्याचा, चौकोनी, वर अण्णांनी छिन्नीनं पाडलेली फट आणि पुढं इवलं कुलूप. पाडव्याला उघडायचा. निघतील ते पैसे आमचे. मला कंपासपेटी घ्यायची होती. पुष्पीला काय घ्यायचं ते दर रविवारी बदलायचं. मधे एकदा तिला शेळी घ्यायची होती.

कॉलनीत बाकी कुणाच्या पोरांना असे ठरलेले पैसे मिळत नसत. मागितले तर मिळायचे, नाहीतर धपाटा मिळायचा. त्यामुळं आमची ऐट होती. 

किल्ली आत्याच्या कमरेला. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. सिन्नरला दिलेली. एका दुपारी ती भाजलेला डावा हात पदरात गुंडाळून आमच्या दारात आली, ती परत नांदायला गेली नाही. हाताबद्दल घरात कुणी विचारत नसे. ती कॉलनीतल्या बायकांच्या गोधड्या शिवायची, स्वयंपाकात आईच्या हाताखाली राबायची, आणि कुणी बाहेरचा माणूस ओट्यावर आला की मागच्या खोलीत जाऊन बसायची. आई तिला वन्सं म्हणायची. आदरानं म्हणायची, पण त्या आदराला एक टोक होतं. दोन खोल्यांत दोन बायकांची एक चूल म्हटल्यावर आणखी काय होणार.

संशयाची सुरुवात पुष्पीच्या कानानं केली. पैसे टाकल्यावर डबा एकदा हलवून बघायची आम्हाला मुभा होती. एका रविवारी पुष्पीनं तो हलवला आणि म्हणाली, "आत्या, याचा आवाज बदललाय. आधी छन्न वाजायचा. आता खट्ट वाजतोय."

"जास्ती पैसे झाले ना, म्हणून," आत्या म्हणाली आणि डबा तिच्या हातातून काढून घेतला.

मी आत्याच्या तोंडाकडं बघत होते. ती डबा घेऊन वळली तेव्हा तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णा पंच्यानं कान पुसत होते. केव्हाचे कोरडे झालेले कान.

त्यानंतर डबा हलवणं बंद झालं. "कुलूप नाजूक आहे," आत्या म्हणाली. मग एकदा मी शाळेतून लवकर आले तर ती मागच्या खोलीत पाठमोरी बसलेली, डबा मांडीवर. मला बघून तिनं त्यावर गोधडी ओढली.

"काय गं छाया, आज शाळा सुटली लवकर?"

"बाईंच्या पोटात दुखतंय. तू काय करतेस?"

"टाके घालते."

सुई तर तिकडं कोनाड्यात होती.

हे मी पुष्पीला सांगितलं, आईला नाही. आईला सांगायची गरजच पडली नाही. आईला तिचा वेगळा संशय होता आणि तो आमच्यापेक्षा मोठ्या मापाचा होता.

कॉलनीच्या पाण्याच्या टाकीमागं दर गुरुवारी लूनावरून एक माणूस यायचा. डोळ्यांवर काळा चष्मा, काखेत रेक्झिनची बॅग. आत्या कळशी घेऊन जायची, टाकीच्या आडोशाला त्याच्याशी दोन शब्द बोलायची, पदराआडून काहीतरी त्याच्या हातात द्यायची आणि भरलेली कळशी घेऊन परत यायची. हे शेजारच्या साळवेकाकूंनी बघितलं. साळवेकाकूंनी बघितलं म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीनं बघितलं.

"तुमच्या वन्सं कुणाशी बोलतात हो टाकीमागं?" त्यांनी आमच्याच ओट्यावर बसून, आमचाच तिळगूळ चघळत विचारलं. "नाही, मी आपलं विचारलं. सिन्नरच्यांचा माणूस असेल."

"असेल," आई म्हणाली. तिच्या हातातली गुलाबदाणी उलटी झाली तरी तिला कळलं नाही.

त्या दिवसापासून आई भाकरी थापायची ती परातीला तडे जातील अशी. अण्णांना एकदा म्हणालीही, आम्ही झोपलोय असं समजून, "बाई तुमची बहीण आहे, मी काही म्हणत नाही. पण दोन मुली आहेत या घरात. त्यांच्या खाऊच्या पैशांचा डबा तिच्याकडं, आणि ती टाकीमागं परक्या माणसाला पैसे देते. मी दादाला बोलवून घेते. तो त्यांना सिन्नरला पोचवील. नवऱ्याच्या घरी काय व्हायचं ते होईल, निदान आपल्या दाराला लोकांची तोंडं तरी लागणार नाहीत."

अण्णा भिंतीकडं वळले. पुष्पीनं पांघरुणात माझा हात शोधला. "सिन्नरला म्हणजे त्या हातवाल्या घरी?" तिनं कानात विचारलं. मी तिला चिमटा काढला. मला आत्यानं पैसे परत द्यायला हवे होते, इतकंच. तिनं सिन्नरला जावं असं मी कुठल्याच यादीत धरलेलं नव्हतं.

म्हणून ती भोकं. मला आधी खरं काय ते कळायला हवं होतं. त्या रविवारी संध्याकाळी टोचलेली नोट मीच घडी करून फटीतून आत ढकलली. मग आठवडाभर पुष्पी आणि मी दुकानांच्या गल्ल्यांवर पहारा ठेवला. किराणावाला, पिठाची गिरणी, गोळ्याबिस्किटांची टपरी. टपरीवाल्याला मी म्हटलं, "काका, तुमच्याकडच्या रुपयाच्या नोटा उजेडात धरून दाखवा ना." तो म्हणाला, "तुझा बाप रिझर्व्ह बँकेत लागलाय का?"

पुढचा रविवार उजाडला. मामा आदल्या संध्याकाळीच येऊन पोचला होता. कारण सांगितलं, सहज आलो. सहज आलेला मामा चहा पिऊन ओट्यावर तंबाखू मळत बसला होता, आणि आत आत्याची पत्र्याची ट्रंक मधल्या दाराशी आणून ठेवलेली होती. कुणी आणली ते मी विचारलं नाही. आत्या चुलीपुढं बसून शांतपणे दशम्या भाजत होती. वाटेत लागतात तशा.

अण्णांनी आम्हाला समोर उभं केलं. भाषण केलं नाही. पुष्पीच्या हातावर आठ आणे, माझ्या हातावर नोट.

मी सवयीनं नोट उलटसुलट केली. बोटांना काहीतरी लागलं. खरखर. मी दाराशी गेले, नोट उन्हात धरली.

चांदण्यांचं कडं.

पहिल्यांदा मला वाटलं, सापडली. मग वाटलं, पण ही तर अण्णांनी दिली. आत्यानं ती दुकानात खर्चली, दुकानदारानं अण्णांना सुट्टे म्हणून दिली, असं मी चटकन जुळवून टाकलं. पण मी तर सगळे गल्ले बघितले होते. आणि अण्णा या आठवड्यात दुकानात गेले कुठं होते? ओव्हरटाइम करून घरी यायचे आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचे.

"वन्सं," आतून आईचा आवाज आला. "जायच्या आधी पोरींचा डबा तेवढा उघडून द्या."

"पाडव्याला उघडायचाय ना," आत्या म्हणाली.

"पाडव्याला तुम्ही इथं नाही."

"किल्ली कुठं पडली गं, इंदू. कालपासून सापडत नाहीये."

आईनं एकदा तिच्या कमरेकडं बघितलं. मग फळीवरून डबा काढला, मोरीत नेला आणि वरवंट्याचा एकच घाव कुलपावर घातला. झाकण उघडून तिनं डबा मधल्या खोलीत चटईवर उलटा केला.

चिंचोके पडले. आणि त्यांच्यात लोखंडी वायसर. मोठे, छोटे, तेलकट, चिंचोक्यांत लोळत चटईभर पसरले. एक वायसर गोल गोल फिरत जाऊन मामाच्या चपलेला लागून आडवा झाला. मामा नेमका तेव्हाच दारात येऊन उभा राहिला होता.

पुष्पीनं भोकाड पसरलं. "माझी शेळी," ती म्हणाली.

"कुठं गेले पोरींचे पैसे?" आईनं विचारलं. अगदी हळू.

आत्यानं तव्यावरची दशमी उलटली. "माझ्याकडून खर्च झाले."

"कुणावर?"

"झाले खर्च."

"त्या लूनावाल्यावर?"

आत्यानं मान खाली घातली. आई अण्णांकडं वळली. "ऐकलंत? तुमच्या तोंडून एक शब्द तरी काढा."

अण्णा चटईवर उकिडवे बसले होते. वायसर गोळा करत होते. एकेक उचलायचा, लेंग्याला पुसायचा, मुठीत ठेवायचा. त्यांचं सगळं लक्ष त्या वायसरांत होतं, जणू कारखाना त्यांच्यावाचून अडलाय.

"चला, आक्का," मामा आत्याला म्हणाला. "साडेदहाची गाडी आहे."

आत्यानं तवा उतरवला. हात धुतले. डाव्या हातावर पदर ओढला आणि ट्रंकेची कडी धरली.

"अण्णा," मी म्हटलं, "ही नोट तुम्ही कुठून आणलीत?"

"पगारातली," अण्णा वर न बघता म्हणाले.

"पण हिला भोकं आहेत."

"जुनी असेल."

"नाही. मी पाडलीत. मी आणि पुष्पीनं. मागच्या रविवारी मीच डब्यात टाकली ही नोट."

"सरकारची आहे ती," पुष्पी हुंदक्यांच्या मधे म्हणाली.

आईनं माझ्या हातातून नोट घेतली. दारात गेली, मामाला कोपरानं बाजूला केलं आणि ती उन्हात धरली. बराच वेळ धरली. आई चौथी शिकलेली होती, पण तिला एखादी गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे. तिनं नोटेकडं बघितलं. मग अण्णांच्या मुठीतल्या वायसरांकडं. असले वायसर कॉलनीत कुठल्याही बाईकडं नसतात.

"दादा," ती मामाला म्हणाली, "तू जरा पान खाऊन ये."

"गाडी..."

"जाऊ दे गाडी."

मामा गेला. आईनं दार ओढून घेतलं.

"बोला," ती अण्णांना म्हणाली.

अण्णांनी मूठ उघडली, पुन्हा मिटली. "वर्कशॉपातल्या जालिंदरला पतसंस्थेचं कर्ज हवं होतं. जामीन म्हणून सही केली मी. तो गेला पळून."

"मी पाया पडले होते तुमच्या. म्हटलं होतं, कुणालाही जामीन राहू नका."

"म्हणून तर सांगितलं नाही."

"आणि वन्संना सांगितलंत."

"तिनं विचारलं," अण्णा म्हणाले. "मी मोरीत बसून रडत होतो, तिनं बघितलं."

आत्या ट्रंकेवर बसली. "वसुलीवाला घरी येतो म्हणाला. मी म्हटलं, घरी नको, टाकीमागं ये. गोधड्यांचे पैसे देत होते त्याला. कमी पडले तेव्हा डब्यातले दिले. मग डब्यात काही उरलंच नाही. मी याला म्हटलं, पोरींचे पैसे बंद कर आता. तर हा म्हणतो, बंद केले तर इंदू विचारील, का बंद केले. मग तेवढी एक नोट आणि एक नाणं ठेवलं मागं. शनिवारी मी याला द्यायची, रविवारी हा पोरींना द्यायचा. संध्याकाळी पुन्हा माझ्याकडं."

म्हणजे आम्ही सगळा हंगाम त्याच एका नोटेपायी मोह आवरत होतो.

"आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले," आई म्हणाली. "मनात तर त्याहून वाईट बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. सिन्नरला जायला निघालात. त्या घरी."

"बाईला बोललेलं उतरून जातं गं," आत्या म्हणाली. "मला सवय आहे. तुझ्यापुढं याची मान खाली गेली असती तर ती वर आली नसती."

"ती आत्ता तरी कुठं वर आहे," आई म्हणाली.

अण्णांची मान खरंच वर नव्हती. आई त्यांच्याशी त्यानंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. रडली नाही, आदळआपट केली नाही. ट्रंक मात्र तिनं स्वतः उचलून मागच्या खोलीत नेली, आणि त्या वाटेसाठी भाजलेल्या दशम्या आम्ही सगळ्यांनी दुपारी बसून खाल्ल्या. मामानं सगळ्यांत जास्त खाल्ल्या. 

संध्याकाळी आईनं आम्हाला समोर उभं केलं. "खाऊचे पैसे बंद," ती म्हणाली. का बंद, तेही सांगितलं. जामीन म्हणजे काय ते पुष्पीला कळेना, तर म्हणाली, "दुसऱ्यानं खाल्लेल्या शेंगदाण्यांचे पैसे आपण द्यायचे."

"मग आता मोह कसा आवरायचा?" पुष्पीनं विचारलं.

"पैसे नसले की आपोआप आवरतो."

मला वाटलं, संपलं. पण गुरुवारी शाळा सुटून आम्ही येत होतो तर टाकीपाशी आई उभी. रिकाम्या हातानं. नळावर बायकांची ही गर्दी, साळवेकाकू बादली लावून पुढं. लूनावाला आडोशाला येऊन थांबला. आत्या नव्हती. तो मागं वळणार इतक्यात आई चालत सरळ त्याच्याकडं गेली.

"पटारे भाऊ ना तुम्ही? पतसंस्थेचे?"

त्यानं काळा चष्मा काढला. "हो, पण त्या ताई..."

"असं आडोशाला कशाला उभं राहायचं? घर आहे ना आमचं. चला, चहा घ्या."

हे ती कुजबुजली नाही. नळ वाहत होता, त्याच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मग नळाकडं वळली. आमची आई, जिनं फाटक्या लुगड्याचा पदरही कधी कुणाला दिसू दिला नव्हता, ती साळवेकाकूंना म्हणाली, "वसुलीला येतात हे आमच्याकडं. आमचे हे जामीन राहिले एकाला, तो बुडवून पळाला. आमच्या वन्सं बिचाऱ्या गोधड्या शिवून हप्ते फेडत होत्या. मला कळू नये म्हणून इथं येऊन देत होत्या. तुम्ही विचारत होता ना परवा, कोण म्हणून. हे पटारे भाऊ."

साळवेकाकूंची बादली भरून वाहायला लागली होती. नळ बंद करायला कुणाचा हात पुढं झाला नाही.

आई पुढं, तिच्यामागं लूना हातानं ढकलत पटारे, त्यांच्यामागं आम्ही दोघी, अशी ती वरात भर कॉलनीतून आमच्या घरी आली. आईनं घरातली एकुलती खुर्ची ओट्यावर आणून ठेवली. पटारे बसायला गेले तर म्हणाली, "तुम्ही इकडं बसा भाऊ, चटईवर. ती खुर्ची वन्संची आहे."

मग तिनं आत हाक मारली. "वन्सं, चहा घेऊन या. पुढच्या दारानं या."

आतून काही आवाज आला नाही.

"त्या बाहेर येत नाहीत," पटारे ओशाळून म्हणाले. "राहू द्या."

"येतील," आई म्हणाली आणि थांबली. समोर साळव्यांच्या ओट्यावर तीन-चार बायका आधीच गोळा झाल्या होत्या. पाळी सुटून अण्णा सायकल हातात धरून येत होते. दारात लूना बघून ते कोपऱ्यावरच थबकले. आईनं त्यांना बघितलं, पण बोलावलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

उंबऱ्यावर आधी कप दिसले, मग ताट धरलेले आत्याचे हात. दोन्ही. डावा हात पदरात नव्हता, कारण ताटाला दोन्ही लागत होते. पटारे उठून उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. आत्यानं ताट खाली ठेवलं आणि सवयीनं आत वळली.

आईनं तिचा डावा हात धरला. जिथं भाजला होता तिथंच. तिला खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः तिच्या पायाशी उंबऱ्यावर बसून साळवेकाकूंकडं बघत बशीत चहा ओतला.